निळ्याचं झाकण

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार

आजपासून आम्ही जिल्हा. सकाळी खिडकी उघडून पाहिलं — गल्ली कालचीच. नळाला कालच्यासारखंच पाणी नाही. समोरच्या आडतीपुढे बैल तसेच रवंथ करत बसलेले; त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

शाळेत मात्र झेंडे, पेढे, ताशा. केवळाबाई — आमच्या कन्याशाळेची शिपाईण, घंटेची आणि माठाची मालकीण — जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, जिल्हा आला म्हन्तेत. पानी घेऊन आलाय का रिकामाच?"

"रिकामाच आलाय," मी म्हटलं. "सामान मागनं येतंय."

शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहायचं काम अर्थात चित्रकलेच्या बाईंचं. नववीतली शिवगंगा स्टूल धरून उभी होती. निळा मागितला, तिने बाटली उघडून दिली. लिहून खाली उतरले आणि पाहते तर अक्षरं काळीच. रंगवाले हल्ली निळ्यात काय मिसळतात देव जाणे. शिवगंगा म्हणाली, "निळीच हायत बाई. चांगली ठसठशीत आलीत." भली पोरगी. मन राखते.

१८ ऑगस्ट, बुधवार

हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. विरूपाक्ष. आमच्याच गल्लीत वाढलेला. लहानपणी आमच्या ओट्यावर कोळशाने रेघोट्या मारून माझ्या सासूबाईंच्या शिव्या खायचा. शाळेत मी त्याला 'सर' म्हणते, तो मला 'बाई'. फाटकाबाहेर तो मला 'अक्का' म्हणतो आणि मी नुसतं 'विरूपाक्ष'. आज ऑफिसात बसून 'अक्का' म्हणाला, तेव्हाच ओळखलं — काहीतरी काढून घेणार.

"अक्का, तुम्ही एप्रिलात रिटायर."

"ते मला ठाऊक आहे."

"आता जिल्हा झाला. कचेऱ्या येऊन राहिल्या. प्रत्येक कचेरीत टायपिस्ट लागणार. पोरींनी टायपिंग शिकलं तर गावातल्या गावात नोकऱ्या. मशिनी मिळतेत आपल्याला. जागा तेवढी पायजे. तुमची चित्रकलेची खोली उजेडाची हाय…"

"आणि चित्रकला?"

तो छताकडे बघायला लागला. "पोरी रांगोळ्या काढतेतच की घरी."

म्हणजे माझ्यानंतर माझी जागा भरायचीच नाही, खोलीत खटखट सुरू करायची. वाईट म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पोरींना नोकऱ्या लागल्या तर मला काय नको आहेत? पण त्यासाठी खडूनं फळ्यावर मोर उमटताना बघायचा तास कशाला मारायचा?

संध्याकाळी तडक संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. आप्पासाहेब धान्याच्या मोंढ्यात गादीवर बसलेले. सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावत म्हणाले, "बाई, मला त्यातलं काही कळत न्हाई. तुमची चित्रकलेची सरकारी परीक्षा असती ना, इंटरमिजिएट? यंदा पोरींचा निकाल चांगला लागला तर तुमच्या जागी नवी बाई घेऊ. न्हाई लागला तर मशिनी."

व्यापारी माणूस. सौदा साधा आहे. मला पटला.

२१ ऑगस्ट, शनिवार

पोळ्याचे मातीचे बैल यंदा वर्गात केले नाहीत. माती भरपूर. भिजवायची कशानं?

२७ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीचे दिवस. विरूपाक्ष नवा बुशशर्ट घालून आला होता. म्हटलं, चांगलं बोलून ठेवावं. खोली वाचवायची आहे. "सर, राखाडी रंग शोभतो तुम्हाला."

त्यानं एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा केवळाबाईकडे. मग म्हणाला, "हाव बाई. राखाडीच."

लाजला असावा. कौतुकाची सवय नाही.

रंगांना पाणी हा रोजचा तंटा. केवळाबाई माठातून तांब्याभरच देते, तेही तोंड फिरवून. "प्यायला न्हाई अन् तुमच्या ब्रशाला तहान लागलीय." तेव्हा नवा नियम — प्रत्येकीनं घरून औषधाच्या बाटलीत पाणी आणायचं, चौघींत एक वाटी, आधी पिवळा धुवायचा, मग तांबडा, काळा सर्वांत शेवटी. तास संपला की ते गढूळ पाणी अंगणातल्या कण्हेरीला. कण्हेर मेली नाही. कुठल्या रंगाचं फूल देते ते बघायचंय.

शेवटचा तास कलेच्या इतिहासाचा. अभ्यासक्रमात नाही, माझ्या वेळापत्रकात आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून निघताना सिस्टर बेर्नादेतनं दिलेली चित्रांची कार्डं काढली. सिस्टरचा आवाज अजून कानात आहे — "शिवम्मा, ताठ बस. पाठ वाकडी असली की रेघ वाकडी येते." मी आजही ताठ बसते. रेघ मात्र हल्ली थोडी कापते.

मेरीचं चित्र फिरवलं. आम्ही मुली त्या चित्रापुढे तासन्‌तास बसायचो ते तिच्या पांघरुणाच्या निळ्यासाठी. सिस्टर सांगायची, तो निळा दूरच्या डोंगरातल्या दगडाचा, सोन्याहून महाग. म्हणून फक्त तिच्यासाठी राखलेला. मी पोरींना म्हटलं, "आता उडालाय बघा रंग. लातूरच्या उन्हानं मेरीलाही सोडलं नाही. मळकं दिसतंय पांघरूण."

"उडाला न्हाई बाई," मागून कुणीतरी म्हणालं. शिवगंगेनं तिला कोपर मारलेलं मला दिसलं. मग शिवगंगाच म्हणाली, "थोडा उडालाय बाई. कोपऱ्यात."

कार्ड परत घेताना तिनं ते पदरानं पुसून दिलं. — पदर कुठला, गणवेशाचा फ्रॉक. माझ्या डोळ्यांपुढे या पोरी कधीच साड्या नेसलेल्या दिसतात. म्हातारी झाले.

४ सप्टेंबर, शनिवार

स्मरणचित्राचा सराव. विषय दिला — 'माझं गाव'. सगळ्यांनी तेच काढलं! दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर नारळाचं झाड, झोपडी, धुराडं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चित्र. पोटातून शिकून येतात की काय.

"लातुरात डोंगर कुठाय गं?"

पेन्सिली चावणं सुरू.

"नारळ?"

"देवळात फोडतेत बाई."

"झाड?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"आणि नदीत पाणी? मागच्या उन्हाळ्यापासून कुणी पाहिलंय?"

मग मी ते सांगितलं जे तीस वर्षं सांगत आले, आणि सिस्टरनं मला सांगितलं होतं. पाहिलंय तेच काढा. दुसऱ्यानं पाहिलेलं काढू नका. परीक्षकासमोर असल्या नारळांचे ढीग पडलेले असतात. तुमच्या गावाची नदी काढा, ती कोरडी असेल तर कोरडी काढा.

आणि निळ्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून कपाटात ठेवून दिलं. "ही बाटली परीक्षेपर्यंत बंद. सवयीनं हात जातो तिच्याकडे."

एकीनंही कुरकुर केली नाही. जरा नवलच वाटलं.

७ सप्टेंबर, मंगळवार

शिवगंगेनं सगळ्या रंगांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. 'तांबडा', 'हिरवा', 'जांभळा' — जिल्ह्याच्या पाटीएवढी अक्षरं. म्हटलं, "आंधळ्यांची शाळा आहे का गं ही?"

"पाचवीच्या पोरी चुकतेत बाई."

बाटल्या मांडायचाही तिनं क्रम लावलाय, आणि पोरी मला हात लावू देत नाहीत. "तुम्ही फक्त सांगा बाई, आम्ही देताव." राणी करून ठेवलंय. रिटायर होणाऱ्या माणसाचे असेच लाड होतात, बहुतेक.

१२ सप्टेंबर, रविवार

आप्पासाहेबांच्या आडतीचा ट्रॅक्टर मागून पोरींना घेऊन मांजरेवर गेले. बघून काढायचं म्हणजे बघायला तर हवं. भाद्रपदात नदी अशी मी जन्मात पाहिली नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत वाळू. वाळूत बायकांनी हातभर खड्डे खणलेले — झिरे. तळाला पाणी झिरपतं, ते वाटीनं भरून घागरीत ओतायचं. एक घागर भरेस्तोवर गावाच्या सगळ्या सुनांचं बोलून होतं.

पोरी वह्या घेऊन वाळूत बसल्या. साखराबाई म्हणून काठच्या गावची एक म्हातारी झिऱ्याशी होती. ती म्हणाली, "कशाचं चित्र काढून राहिल्या गं लेकरांनो? हितं काय हाय?"

"तुमचंच काढतोय, मावशी," मी म्हटलं.

"माझं? मंग थांब." तिनं वाटी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

शिवगंगा एका झिऱ्यावर वाकून बघत बसली होती. म्हणाली, "बाई, आभाळ पडलंय यात."

मी वाकून पाहिलं. चिखलाचं पाणी. तपकिरी, वर थोडं चकाकणारं. "चिखल आहे तो, शिवगंगा. कविता करू नकोस. पाहिलंय तेच काढायचं."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

येताना ट्रॅक्टरमध्ये सगळ्या पोरी एकीच्या कानाला एक लागून कुजबुजत होत्या. मी विचारलं तर वह्या चाळायला लागल्या. वय आहे कुजबुजायचं.

२५ सप्टेंबर, शनिवार

स्मरणचित्राचा पेपर झाला. विषय — 'नदीकाठ'! मला दारातच कळलं आणि हसूच आवरेना. बाकीच्या शाळांच्या पोरापोरींनी सरसावून निळा ओतला असणार. माझ्या पोरींनी वाळू काढली.

रात्री मात्र अंथरुणावर हसू ओसरलं. मुंबईचा परीक्षक. त्यानं समुद्र पाहिलेला. त्याच्यासमोर पाण्याशिवायची नदी ठेवली तर 'विषय समजला नाही' असा शेरा मारून मोकळा होईल. मी शिकवलं म्हणून पोरी तसं काढून आल्या. नापास झाल्या तर माझ्यामुळे. आणि मग मशिनी.

३० सप्टेंबर, गुरुवार

विरूपाक्षाला बातमी लागलीच. "बाई, नदीत पाणी काढायचं न्हाई असा फतवा काढला म्हणे तुम्ही?"

"जे नाही ते काढायचं नाही, एवढंच."

"बरंय," तो म्हणाला. "टायपिंगच्या मास्तराला कळवून ठेवतो."

१८ नोव्हेंबर, गुरुवार

नांदेड. दिवाळीला गुरम्माकडे आले आहे. धाकटी बहीण असून थोरलीसारखी वागते. बस अहमदपूर, लोहा करत चार ठिकाणी थांबली. प्रत्येक स्टँडवर रिकाम्या घागरींची रांग.

पाडव्याला काळी साडी नेसलीस म्हणून गुरम्मानं घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, "तूच तर निळी म्हणून दिली होतीस, काळीच निघाली. मी काय करू?" तिनं मला हाताला धरून उजेडात नेलं, साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, उद्या डॉक्टरकडे जायचं."

गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बराच पिकलेला. मी म्हटलं, "मला सगळं दिसतं. थोडं धुरकट, पण ते धुळीनं." डॉक्टर हसले. फेब्रुवारीत शिबिर आहे, या म्हणाले.

गुरम्माला शपथ घातली आहे — लातुरात एक अक्षर जायचं नाही. चित्रकलेच्या बाईचे डोळे गेले म्हटल्यावर विरूपाक्षाला आयतंच सापडेल. आप्पासाहेब म्हणतील, आंधळ्या बाईनं शिकवलेल्या चित्रांचा निकाल कशाला बघायचा. जानेवारीत निकाल लागेपर्यंत तोंड बंद.

२९ नोव्हेंबर, सोमवार

वर्गात ताठ बसते. पोरींना काहीही कळलेलं नाही.

११ डिसेंबर, शनिवार

आप्पासाहेब शाळा बघायला येणार म्हणून पोरींकडून परीक्षेचंच चित्र पुन्हा काढून घेतलं — नदीकाठ, मोठ्या कागदावर, प्रत्येकीनं आपापलं. पाणी जपून जपून. दोन दिवस कण्हेरीला फार मेजवानी झाली. भिंतीवर ओळीनं लावली.

मी अंतरावर उभी राहून पाहिली. वाळू, वाळू, वाळू. वाकलेल्या बायका. एकीनं साखराबाईचा नीट केलेला पदर काढलाय. आणि सगळ्या चित्रांवर एक मळकट झाक. चौघींत एक वाटी पाणी असलं की असंच होणार. पण वाटलं, ही झाकच या वर्षाचा खरा रंग आहे. मला फार आवडली.

१४ डिसेंबर, मंगळवार

आप्पासाहेब आले. बरोबर विरूपाक्ष. पोरी ओळीत उभ्या. मी हातात छडी घेऊन भिंतीपाशी — तीस वर्षांत इतकं मोठं भाषण केलं नव्हतं. सांगितलं, की बघा, इतर गावांची मुलं न पाहिलेल्या नद्या काढतात. माझ्या मुलींनी मांजरा काढली, जशी आहे तशी. "एका चित्रात निळ्याचा एक थेंब सापडला तर दाखवा मला. एक थेंब."

आप्पासाहेब पहिल्या चित्रापाशी गेले. दुसऱ्यापाशी. वाकून पाहिलं. मग खोकला आला त्यांना, बराच वेळ. विरूपाक्ष खिडकीतून बाहेर कण्हेरीकडे बघत होता. पोरी इतक्या ताठ उभ्या की सिस्टर बेर्नादेतला समाधान वाटलं असतं.

शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "लई चांगली शिस्त हाय बाई तुमच्या पोरींना."

दारातून बाहेर पडताना विरूपाक्ष माझ्या कानाशी म्हणाला, "अक्का, पानी हाय की त्यात."

"नाही," मी म्हटलं. "आणि चेष्टा पुरे."

"बरं. न्हाई तर न्हाई."

शाळेच्या फाटकाच्या आत 'अक्का' म्हणाला. रागावले होते म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही.

३ जानेवारी १९८३, सोमवार

निकाल नाही. टायपिंगची मशिनं आली. पोत्यात गुंडाळून व्हरांड्यात ठेवली आहेत. केवळाबाई त्यांच्यावर शेंगा वाळवते.

१८ जानेवारी, मंगळवार

निकाल लागला. सगळ्या पास. शिवगंगेला ए ग्रेड, आणखी चौघींना बी. गावात इतका चांगला निकाल दुसऱ्या कुठल्या शाळेचा नाही म्हणे. म्हणजे मुंबईच्या परीक्षकाला कोरडी नदी कळली! मी उगाच त्या माणसाला मनात बोल लावत होते. समुद्र पाहणाऱ्यालाही डोळे असतात.

पोरींनी वर्गात नाचून जमीन हलवली. शिवगंगा तेवढी बाकावर बसून रडत होती. म्हटलं, "ए मिळाल्यावर रडतात का गं?"

"भ्या वाटत होतं बाई."

"कशाचं? मी सांगितलं तसंच काढलंस ना?"

ती आणखीच रडायला लागली. पोरींचं काही सांगता येत नाही.

२० जानेवारी, गुरुवार

आप्पासाहेब शब्दाचे पक्के. चित्रकलेच्या नव्या बाईसाठी जाहिरात द्यायला सांगितली. मशिनं माठाशेजारच्या कोठीत जाणार. केवळाबाई गरजली — "दिवसभर खटखट ऐकून माझा माठ तडकंल!" विरूपाक्ष म्हणाला, "तडकू दे. रिकामाच तर असतो."

त्याला बाजूला घेतलं आणि आता सांगूनच टाकलं — डोळ्यांचं. मला वाटलं, चकित होईल. तो म्हणाला, "जाऊन या अक्का. वर्ग मी बघतो."

"तू? तुला उभी रेघ येत नाही."

"पोरी शिकवतील. सांभाळून घेतेत त्या."

१३ फेब्रुवारी, रविवार

नांदेड. उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी. ओळी वाकड्या येताहेत. गुरम्मा वही हिसकावते आहे

१९ मार्च, शनिवार

चष्मा मिळाला. तळहाताएवढ्या जाड काचा. घातला आणि पहिल्यांदा दिसली ती गुरम्माची स्वयंपाकघरातली भिंत. निळी. इतकी निळी, की मी भांड्यांच्या मांडणीला धरून उभी राहिले.

"कधी रंगवलीस गं?"

"आमच्या मुन्नाच्या दीक्षेला. त्याला आता पोरगं हाय अक्का."

दिवाळीत याच भिंतीसमोर बसून मी करंज्या भरल्या होत्या. तेव्हा ती मातकट होती.

मग ट्रंकेतून साडी काढली. ती काळी नव्हती. मग बराच वेळ साडी मांडीवर घेऊन बसले. विरूपाक्षाचा राखाडी शर्ट आठवला. शाळेची पाटी. मेरीचं पांघरूण, आणि कोपर मारणारी शिवगंगा.

गुरम्मा म्हणाली, "रडू नको, काचेला डाग पडतेत."

२४ मार्च, गुरुवार

लातूर. सकाळी केवळाबाईनं घंटा द्यायच्या आधी चित्रकलेच्या खोलीत गेले. चित्रं अजून भिंतीवर आहेत.

प्रत्येक झिऱ्यात आभाळ आहे. एकाही चित्रात चुकलेलं नाही. वाटीएवढं, स्वच्छ, सोन्याहून महाग असतं तसलं निळं. त्यांनी पाहिलं तेच काढलं. परीक्षेतही हेच काढलं असणार. आणि मी आप्पासाहेबांसमोर छडीनं एकेक चित्र दाखवत विचारत होते — एक थेंब सापडला तर दाखवा. वीस पोरी, एक हेडमास्तर. कुणी हसलं नाही.

कपाटातून निळ्याची बाटली काढली. झाकण सैल. तळाला बोटभरही रंग उरलेला नाही.

आज वर्गात जाऊन शिवगंगेला रागवायचं आहे — निळा जरा जास्तच वापरलाय.